हाकेला नाव हवे

मेहरूण म्हटले की जळगावकराला दोन गोष्टी आठवतात, बोरे आणि तळे. मोठे पाणी म्हणून आम्हा खानदेशी माणसांना हे तळे ठाऊक, फार तर तापी, गिरणा आणि वाघूर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा समुद्रातल्या नौकेवरचे बिनतारी यंत्र आणि त्याची सरकारदरबारी होणारी नोंद हा विषय घरसंसाराच्या पानावर कशासाठी, असे आमच्या वाचक भगिनी विचारतील. विचारायलाच हवे.

उत्तर सोपे आहे. तळे जागेवर राहिले, मुले राहिली नाहीत. आय.टी.आय.मधून वेल्डर, फिटर होऊन बाहेर पडलेला तरुण आज मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावर जातो. दहावी-बारावीनंतर प्रशिक्षण घेऊन कुणी व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून चढतो. आईला एवढेच ठाऊक असते की, ‘पोरगं बोटीवर आहे.’ कोणत्या बोटीवर, कोणाच्या मालकीच्या, कोणत्या देशाच्या झेंड्याखाली, आणि त्या बोटीवर काही बरेवाईट झाले तर तिची हाक कोणाला ऐकू जाईल, हे घरात कुणालाच माहीत नसते. ते घरात माहीत असावे, यासाठी आजचा हा विषय.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. काळोख्या रात्री वस्तीबाहेर कुणीतरी ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडले, तर ऐकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न येतात. कोण ओरडते आहे? कुठून ओरडते आहे? किती माणसे अडकली आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत धावणाऱ्याचे पाय उंबऱ्यावरच थबकतात. समुद्रात तर वस्ती नाही, रस्ता नाही, खूण नाही. तिथे नुसती हाक पुरत नाही. हाकेबरोबर नाव लागते आणि ठिकाण लागते.

हाक मारायचे साधनच नसेल तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने १९४७ साली घेतला आहे. त्या वर्षी १७ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, ‘रामदास’ ही आगबोट मुंबईहून रेवसला निघाली. पावसाळ्याचे दिवस, खवळलेला समुद्र आणि बोटीवर सातशेच्या आसपास माणसे. त्यांत घरी निघालेले चाकरमानी होते, बायामुले होती. रेवसला पोचण्यापूर्वीच बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबई बंदर तिथून जेमतेम दहा मैलांवर होते. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला ते कळले दुपार उलटल्यावर, तेही पोहत किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून. जे थोडे वाचले, त्यांतल्या अनेकांना मासेमारीच्या होड्यांतल्या कोळी बांधवांनी पाण्यातून वर ओढले. दहा मैलांवर मदत उभी होती आणि तिला हाक मारता आली नाही. आजही अलिबागकडच्या घरांतून ‘रामदास’चे नाव निघाले की म्हातारी माणसे गप्प होतात.

त्याआधी पस्तीस वर्षे, १९१२ च्या एप्रिलमध्ये, ‘टायटॅनिक’ बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र होते. एम.जी.वाय. ही तिची ओळखीची अक्षरे होती. ही अक्षरे आणि आपले ठिकाण सांगून तिने मदत मागितली, म्हणूनच ‘कार्पेथिया’ हे जहाज रात्रभर वाट कापत आले आणि सुमारे सातशे माणसे वाचली. तिच्यापेक्षा जवळ ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे दुसरे जहाज होते. त्याच्यावरचा एकुलता एक तारवाला मात्र झोपायला गेला होता. हाक होती, ऐकणारा कान नव्हता. या दुर्घटनेनंतर १९१४ साली देशांनी एकत्र येऊन समुद्रावरील जीवरक्षणाचा करार केला, आणि जहाजांवर रात्रंदिवस कान देण्याचे बंधन पुढे त्यातूनच आले. साधन हवे, ऐकणारा हवा आणि हाकेला नाव हवे, या तिन्ही गोष्टी जगाला माणसे गमावूनच शिकाव्या लागल्या.

आता आजचे यंत्र कसे चालते ते पाहू. भगिनींनी कंटाळा करू नये. मोबाइल चालवणाऱ्या कुणालाही हे समजेल.

नौकेवर जो वायरलेस सेट असतो, त्याला व्ही.एच.एफ. म्हणतात. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याशी बोलायचे तर वीस-तीस सागरी मैल, आणि एका लहान होडीवरून दुसऱ्या होडीशी बोलायचे तर त्याहून बरेच कमी अंतर. एक सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. या सेटवर १६ क्रमांकाची वाहिनी ही जगभर हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेली आहे. तिच्यावर गप्पा मारायच्या नसतात. समुद्रात असताना तिच्याकडे कान ठेवायचा असतो.

संकटात तोंडी हाक मारायची रीतही ठरलेली आहे. आधी ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा. हा शब्द १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर रूढ झाला. फ्रेंच भाषेतल्या ‘मला मदत करा’ या बोलावरून तो घेतला आहे. त्यानंतर नौकेचे नाव तीन वेळा, मग तिचा क्रमांक, मग ठिकाण, काय झाले ते, कोणती मदत हवी ते आणि किती माणसे आहेत ते. क्रम नीट पाहा. संकट काय आहे हे सांगण्याआधी आपण कोण आणि कुठे हे सांगायचे असते. वाक्य मध्येच तुटले, सेट पाण्यात गेला, तरी नाव आणि ठिकाण तेवढे पोचलेले असते.

पण बुडत्या होडीवर एवढे बोलायला उसंत असतेच असे नाही. म्हणून नव्या सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असते. झाकण उचलायचे आणि बटण काही सेकंद दाबून धरायचे. सेट आपोआप ७० क्रमांकाच्या वाहिनीवर संदेश सोडतो. आसपासच्या जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात घंटा वाजते आणि पडद्यावर हाक मारणाऱ्याचा नऊ आकडी क्रमांक उमटतो. सेटला उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र जोडलेले असेल तर ठिकाणही उमटते. ही सगळी व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून जगातल्या मोठ्या जहाजांवर पूर्णपणे लागू झाली आणि जुन्या कट्ट-कड कट्ट तारेचा जमाना संपला.

हा नऊ आकडी क्रमांक हेच आजच्या लेखाचे खरे बोलणे आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एम.एम.एस.आय. म्हणतात. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे आकडे ४१९. लायबेरियाचे ६३६, पनामाचे ३५१ पासूनचे काही. बाकीचे आकडे त्या एका नौकेचे. जगात दुसऱ्या कोणत्याही नौकेला तोच क्रमांक नसतो. हा क्रमांक आपल्या मनाने ठरवायचा नसतो, तो सरकारकडून मिळतो. नौकेवर वायरलेस ठेवायचा तर केंद्राच्या दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेचा परवाना लागतो, आणि त्यासाठीचे अर्ज आता ‘सरल संचार’ या सरकारी व्यवस्थेतून घरबसल्या करता येतात.

आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. दुकानातून आणलेला सेट पेटीतून काढला, बॅटरीला जोडला, बोलणे चालू झाले. नाखवा म्हणतो, झाले काम. पण सेटमध्ये तो नऊ आकडी क्रमांक भरलेलाच नसतो. क्रमांक भरल्याशिवाय लाल बटणाची व्यवस्था चालत नाही. म्हणजे नेमक्या प्रसंगी झाकण उघडले, बटण दाबले आणि सेट मुका! दुसरी गफलत जुन्या सेटची. आधीच्या मालकाच्या नौकेचा क्रमांक त्यात तसाच असतो. बुडते एक आणि शोध दुसरीचा सुरू होतो. पुष्कळ सेटमध्ये हा क्रमांक एक-दोनदाच भरता येतो, पुढे तो बदलायचा तर कारागिराकडे जावे लागते. तेव्हा क्रमांक भरताना दोन माणसांनी मिळून वाचावा, कागदाशी ताडून पाहावा आणि मगच पक्का करावा.

दूर समुद्रासाठी आणखी एक साधन आहे. एपर्ब नावाचा तरंगता दिवा. जहाज बुडू लागले की पाण्याच्या दाबाने त्याची कडी सुटते, तो वर येऊन तरंगतो आणि ४०६ मेगाहर्ट्झवर निदान दोन दिवस उपग्रहाला हाक मारत राहतो. या हाका ऐकणारी जागतिक व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभारली. १९८२ साली तिने पहिले जीव वाचवले. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेले देश बुडत्या माणसासाठी एका टेबलाशी बसले, ही गोष्ट आम्हाला नेहमी मोलाची वाटते. भारतात या हाका बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात येतात आणि तिथून तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्रांकडे जातात. त्यांतले एक केंद्र मुंबईत आहे.

प्रत्येक दिव्याला स्वतःची पंधरा अक्षरी ओळख असते. पण ती ओळख कोणत्या नौकेची, हे नोंदवहीत लिहिलेले असेल तरच कळते. या नोंदीत नौकेचे नाव, तिचे बंदर, लांबी, रंग, माणसे किती बसतात, मालक कोण, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या माणसांचे फोन नंबर लिहायचे असतात. हा शेवटचा रकाना घराशी बांधलेला आहे. उपग्रहाने हाक पकडली की केंद्रातला माणूस आधी याच नंबरावर फोन करतो. दिवा चुकून पडला, कुणी पाणी मारताना चालू झाला, असेही पुष्कळदा घडते. किनाऱ्यावरची बाई म्हणाली, ‘नाही हो, होडी धक्क्याला बांधलेली आहे’, तर हेलिकॉप्टरचा फेरा वाचतो आणि तो दुसऱ्या बुडत्याच्या कामी येतो. ती म्हणाली, ‘परवा पहाटे गेलेत, सात माणसे आहेत, पिवळ्या रंगाची होडी आहे’, तर शोधणाऱ्याला काय शोधायचे ते कळते. नोंद नसेल तर हे सगळे शोधण्यातच वेळ जातो, आणि पाण्यातल्या माणसाजवळ वेळ तेवढा नसतो. परदेशातून जुना आणलेला दिवा तसाच वापरला तर चौकशी त्या देशाच्या नोंदवहीत जाते. नंबर बदलला, होडी विकली, रंग बदलला तर नोंद बदलून घ्यावी. रेशनकार्डावरचे नाव आपण बदलून घेतो ना, तसेच हे.

मासेमारीच्या लहान होड्यांसाठी इस्रोने ‘डॅट’ नावाचे संकटसूचक यंत्र तयार केले. २०१० पासून ते वापरात आहे आणि वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरली गेली आहेत. जुन्या यंत्राची एक उणीव होती. हाक गेली की नाही, हे तांडेलाला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रात ‘तुमची हाक पोचली’ असा निरोप होडीवर परत येतो. बुडत्या माणसाला या तीन शब्दांची किंमत काय असेल, ते आपण घरात बसून सांगू शकणार नाही. त्याच वर्षी ३० ऑगस्टला आपल्या पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी होड्यांसाठी ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली. किनाऱ्यावरच्या तेरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख होड्यांवर हे यंत्र बसवण्याची ही योजना, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये.

हे सगळे करावे लागले, त्यामागे २०१७ चे ओखी वादळ आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस केरळ आणि कन्याकुमारीकडच्या शेकडो होड्या खोल समुद्रात होत्या. वादळाचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचवायला साधन नव्हते, कारण व्ही.एच.एफ.ची हाक तेवढी लांब जातच नाही. घरच्या माणसांना आपला माणूस जिवंत आहे की नाही, हे कळेना. त्यांतल्या अडुसष्ट होड्या वाऱ्यापुढे येत येत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांत ९५२ माणसे होती. ती आपल्या किनाऱ्यावर सुखरूप उतरली आणि तिकडे त्यांच्या घरी लोक समुद्राकडे डोळे लावून बसले होते. ज्यांचा पत्ता पुढेही लागला नाही, अशी घरे तर कितीतरी.

नोंदणीला नाक मुरडणारेही असतात, हे आम्ही जाणतो. काही नाखव्यांना वाटते, नंबर लावला की सरकारचा डोळा आपल्यावर राहील, कुठे जाळे टाकले ते सगळ्यांना कळेल, हद्द ओलांडली तर दंड होईल. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईच्या दारापर्यंत आले. त्यानंतर होड्यांची नोंद, ठरावीक रंग, खलाशांची ओळखपत्रे हे सगळे कडक झाले आणि त्याचा जाच गरीब कोळी माणसाला पुष्कळ झाला, हेही खरे. महाराष्ट्राच्या होडीवर ‘आय.एन.डी.-एम.एच.’ अशी अक्षरे रंगवलेली असतात. तेवढी तपासणीच्या वेळी पुरतात. पण काळोखात, उलटलेल्या होडीवरची रंगवलेली अक्षरे कोण वाचणार? पाहणाऱ्याचा डोळा नको म्हणून जो यंत्र बंद ठेवतो, तो मदतीचा कानही बंद करून घेतो. आणि निर्णय घेणारा मालक किनाऱ्यावर असतो. पाण्यात असतो तो मजुरीवर गेलेला खलाशी. नाखव्याला विचारायचा हक्क त्याला आहे आणि त्याच्या घरच्यांनाही आहे.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. यंत्राची नोंद नौकेला शोधून काढते. माणसाला शोधून काढायला माणसाची नोंद लागते. १७ मे २०२१ चा दिवस आठवा. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ नावाचा बार्ज नांगरावरून सुटला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ नावाच्या टगबोटीवर तेरा होती. मदतीची हाक पोचली होती. नौदलाची ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ ही जहाजे त्या वादळातच धावून गेली. २७४ पैकी १८८ वाचली आणि ८६ गेली. बार्जवरच्या माणसांत पुष्कळसे कंत्राटी कामगार होते, घरदार समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेले. पुढे कितीतरी दिवस नातेवाईक मुंबईत रुग्णालयाच्या दारात उभे होते. अनेक मृतदेहांची ओळख पटवायला डी.एन.ए. तपासणी करावी लागली. कोणाचा मुलगा कोणत्या ठेकेदाराच्या हाताखाली, कोणत्या बार्जवर गेला, हे घरात लिहून ठेवलेले असेल तर अशा वेळी दारोदार विचारत फिरण्याची पाळी निदान कमी येते.

म्हणून आमची आमच्या भगिनींना विनंती आहे. घरात एक वही करा. मुलांच्या शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानेही चालतील. घरातले, भाऊबंदांतले, शेजारचे कुणी बोटीवर जात असेल तर तो निघण्याआधी त्याला समोर बसवून पुढील गोष्टी लिहून घ्या.

व्यापारी जहाजावर जात असेल तर जहाजाचे नाव, त्याचा सात आकडी आय.एम.ओ. क्रमांक आणि नऊ आकडी एम.एम.एस.आय. क्रमांक. जहाजाचे नाव आणि झेंडा मालकाबरोबर बदलतो. सात आकडी क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. नऊ आकडी क्रमांकाचे पहिले तीन आकडे पाहा. ते ४१९ नसतील तर मुलगा परक्या देशाच्या झेंड्याखाली आणि त्या देशाच्या कायद्याखाली काम करतो आहे, हे समजा. त्यात भ्यायचे काही नाही, पण माहीत असावे. मुलाच्या सी.डी.सी. पुस्तिकेची आणि इंडोस क्रमांकाची झेरॉक्स घरी ठेवा. ज्या एजंटाने पाठवले, त्याच्या परवान्याचा क्रमांक विचारा. त्याला आर.पी.एस.एल. म्हणतात आणि तो नौवहन खाते देते. परवाना नसलेल्या एजंटाने पैसे मागून मुलाला परदेशी जहाजावर चढवायचे ठरवले असेल तर तिथेच थांबवा. ज्याच्या स्वतःच्या नावाची नोंद नाही, तो तुमच्या मुलाच्या नावाची नोंद काय ठेवणार?

तेलक्षेत्रातल्या बार्जवर किंवा टगवर जात असेल तर नौकेचे नाव, ठेकेदाराचे नाव, त्याच्या वरच्या कंपनीचे नाव, मुंबईच्या कचेरीचा पत्ता आणि फोन. नियुक्तीपत्राची प्रत घरी ठेवा. ‘पत्र नंतर देतो’ म्हणणाऱ्या मुकादमाला, ‘मग मुलगाही नंतरच येईल’ असे सांगायला घाबरू नका.

मासेमारीच्या होडीवर मजुरीला जात असेल तर होडीचा नोंदणी क्रमांक, नाखव्याचे आणि तांडेलाचे नाव व फोन, बंदर कोणते, आणि होडीवर डॅट किंवा ट्रान्सपॉन्डर आहे का. असेल तर त्याच्या नोंदीत किनाऱ्यावरचा नंबर कोणाचा आहे? तो चालू आहे का?

तीनही ठिकाणी मुलाने एक प्रश्न स्वतः विचारावा. ‘लाल बटण कुठे आहे आणि ते कसे दाबायचे?’ हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. कॅप्टनच्या खोलीत स्वयंपाकी जात नाही, असे म्हणून कुणी हसेल. हसू द्या. वाचवायची वेळ येईल तेव्हा जवळ कोण असेल, हे आधी कुणी सांगू शकत नाही. आणि गंमत म्हणून ते बटण कधीही दाबू नये, हेही त्याच वेळी शिकावे.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १५५४ हा आकडा लिहा. तो भारतीय तटरक्षक दलाचा मदतीचा फोन क्रमांक आहे. आपल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात काही अशुभ घडल्याची बातमी कानावर आली तर तिथे फोन करता येतो. फोन करताना रडू येईल, आवाज फुटणार नाही. तेव्हा वही समोर उघडी असली म्हणजे नुसते वाचून दाखवता येईल. आधी नौकेचे नाव, मग क्रमांक, मग माणसाचे नाव. बुडत्या नौकेने हाक मारायची जी रीत, तीच किनाऱ्यावरच्या आईचीही.

कागदाला आपल्याकडे फार नावे ठेवतात. कागदाने पोट भरत नाही, म्हणतात. पण ज्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती, त्या माणसांचे काय झाले, हे आपल्या जुन्या पिढीने भोगले आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, शाळेच्या पटावर नाव नाही, मजुरीच्या मस्टरवर नाव नाही. नाव नसले की मोजणी होत नाही आणि मोजणी झाली नाही की कोणी हरवले हेही कळत नाही. समुद्रावर ही गोष्ट एका तासात खरी होते, एवढाच फरक.

ही वही करायला पैसा लागत नाही. एक पेन, एक संध्याकाळ आणि थोडा आग्रह लागतो. ज्या भगिनींना लिहिता येत नाही, त्यांनी शेजारच्या शाळकरी मुलीला बसवून लिहून घ्यावे. तिलाही या निमित्ताने ४१९ म्हणजे काय ते कळेल. मेहरूणच्या एखाद्या घरात अशी वही झाली, तर ती शेजारणीला दाखवा. पुढच्या खेपेला मुलगा सुटीवर आला की तिच्यातले नंबर तपासून घ्या, जुने खोडा, नवे लिहा.